व्यावसायिक इमारतीचे छत : किती वेळा पाहावे आणि काय पाहावे

या वेळी आलेल्या पत्रांत व्यावसायिक इमारतींच्या छतांविषयीचे प्रश्न इतके होते की संपूर्ण सदर त्यांनाच द्यायचे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमची चार मजली कार्यालयीन इमारत आहे. छत सपाट असून स्लॅबवर उष्णतारोधक थर आणि त्यावर जलरोधक मेम्ब्रेन (पाणी अडवणारी चादर) आहे. हे काम होऊन सहा वर्षे झाली आणि आजवर गळतीची एकही तक्रार नाही. व्यवस्थापन समितीत दोन मते आहेत. काही सभासदांना वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर पाहणे पुरेसे वाटते. काहींचे म्हणणे असे की जे छत गळतच नाही, त्याच्या तपासणीवर खर्च कशासाठी करायचा? नेमके किती वेळा पाहावे?

उत्तर : वर्षातून दोनदा, आणि त्याखेरीज प्रत्येक मोठ्या वादळानंतर, गारपिटीनंतर, तसेच छतावर कोणत्याही कारणाने कोणी काम करून गेल्यानंतर. छप्पर उभारणाऱ्या व्यावसायिकांच्या संस्था आणि मेम्ब्रेनचे उत्पादक साधारणपणे हेच किमान प्रमाण सांगतात, आणि कोणत्याही सपाट छताबाबत त्याहून खाली जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन तपासण्या पंचांग पाहून सहा-सहा महिन्यांनी ठेवण्यापेक्षा ऋतू पाहून ठेवाव्यात. पहिली पावसाच्या आधी, पण अगदी तोंडावर नको. सापडलेले दोष कोरड्या हवेत दुरुस्त करायला चार-सहा आठवडे हातात राहिले पाहिजेत, कारण ओल्या पृष्ठभागावर मेम्ब्रेनचा जोड किंवा सीलंट (फटी बुजवणारे लवचीक मलम) नीट धरत नाही. दुसरी तपासणी पाऊस सरल्यावर. जिथे बर्फ पडतो तिथे हिवाळ्यापूर्वी एक आणि हिवाळ्यानंतर एक, अशी तीच मांडणी लागू पडते. दोन्ही वेळचे काम सारखे नसते. आधीच्या फेरीत पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत ना आणि जोड शाबूत आहेत ना, हे पाहायचे असते. नंतरच्या फेरीत ऋतूने मागे ठेवलेल्या खुणा वाचायच्या असतात : वाळलेल्या गाळाची कड जिथे गोल वळणाने उमटली आहे तिथे पाणी साचून राहत होते, आणि कठड्याच्या आतल्या बाजूला रंगाचे पोपडे आले असतील तर त्या भिंतीत पाणी शिरले आहे.

समितीतील दुसऱ्या मताचे उत्तर मात्र थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण ते मत फार ठिकाणी ऐकू येते आणि सर्वाधिक नुकसान त्याच्यामुळेच होते. आपल्या छतात मेम्ब्रेन आणि स्लॅब यांच्या मध्ये उष्णतारोधक थर आहे. मेम्ब्रेनला बारीक छिद्र पडले तर आत गेलेले पाणी थेट खाली ठिबकत नाही. ते आधी त्या थरात पसरते, थर ते धरून ठेवतो, आणि स्लॅबमधील एखादी भेग किंवा पाइपभोवतीची फट सापडेपर्यंत खालच्या मजल्यावर काहीही दिसत नाही. या काळात थराचा उष्णतारोधक गुण कमी होत जातो, चिकटवलेले थर सुटतात, धातूचे खिळे गंजतात, आणि पाणी काँक्रीटमध्ये मुरले तर सळयांनाही गंज धरतो. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक, कधी कधी सहापटीपर्यंत असते. त्याच्या दाबाने काँक्रीट आतून फुटते आणि छताखालचे पोपडे सुटून पडतात. मेम्ब्रेन आणि स्लॅब यांच्या बेचक्यात अडकलेले पाणी आपोआप सुकत नाही, त्यामुळे वरून छिद्र बुजवले तरी भिजलेला भाग कापून काढावाच लागतो. म्हणजे जे काम वेळेवर दिसले असते तर एका ठिगळाचे होते, ते छताचा एक चौक उखडण्याचे होऊन बसते.

म्हणून तपासणीचे अंतर ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा : आज पडलेले छिद्र आपल्या नजरेस येईपर्यंत त्याला किती पाऊस मिळेल? वर्षातून एकदाच पाहणाऱ्याच्या छतावर उत्तर ‘एक संपूर्ण ऋतू’ असे येते. दोनदा पाहिल्याने, आणि विशेषतः माणसे वर जाऊन आल्यानंतर पाहिल्याने, ते उत्तर बरेच लहान होते.

हाच निकष लावला तर काही छतांना दोनदाही पुरत नाही हे लक्षात येईल. ज्या छतावर एसीची अनेक युनिटे आहेत आणि दर आठवड्याला कोणीतरी अवजारांची पेटी घेऊन वर जाते, जे छत उंच झाडांच्या सावलीत आहे, किंवा जे आपल्या अपेक्षित आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात आले आहे, ते दर तीन महिन्यांनी पाहावे. पाणी निचऱ्याच्या तोंडांचे वेळापत्रक तर पूर्णपणे वेगळे ठेवावे. ती पावसाच्या दिवसांत आणि पानगळीत दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा साफ झाली पाहिजेत. या कामाला तज्ज्ञ लागत नाही, पण कोणाचे तरी नाव त्यापुढे लिहिलेले असावे लागते.

या तोंडांवरची जाळी जवळून पाहण्यासारखी असते. पहिल्या पावसात तिच्याभोवती पाने येऊन बसतात, पानांवर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, आणि त्यात एखादी प्लास्टिकची पिशवी येऊन चिकटली की जाळी जवळपास बंद होते. वारंवार तुंबते म्हणून कोणीतरी ती जाळी काढून कठड्याशी ठेवून देतो, आणि त्या वेळी पाणी झरझर निघून गेल्यामुळे सर्वांना बरे वाटते. पुढे तोच कचरा उभ्या पाइपच्या वळणात जाऊन बसतो, जिथे हात पोहोचत नाही. प्रत्येक तपासणीत जाळ्या मोजाव्यात. एकही कमी असता कामा नये.

उरलेली तपासणी कशी करावी, हेही सांगतो. सुरुवात वरून करू नये. आधी सर्वांत वरच्या मजल्यावर फिरावे, फॉल्स सीलिंगच्या चार-दोन फरशा उचलून वर टॉर्च मारावा आणि डाग, पांढरे क्षार, गंजाचे ओघळ यांची जागा नकाशावर टिपावी. मग छतावर जाऊन कडेने एक पूर्ण फेरी घ्यावी, नंतर पाइप, युनिटांचे चौथरे, खांब अशा प्रत्येक उठावाभोवती फिरावे, आणि मधला मोकळा पृष्ठभाग शेवटी पाहावा. हा क्रम अशासाठी की बहुतेक गळती मोकळ्या पृष्ठभागातून होत नाही. मेम्ब्रेन जिथे संपते, वळते, किंवा जिथे तिच्यातून काही बाहेर येते, तिथून ती होते. मेम्ब्रेन भिंतीवर छताच्या पातळीपासून किमान १५० मिलिमीटर, शक्य तिथे २०० मिलिमीटर चढवलेली असावी आणि तिची वरची कड धातूच्या पट्टीने घट्ट दाबलेली असावी. त्या पट्टीवरचे सीलंट नखाने दाबून पाहावे. ते कडक झाले असेल, किंवा भिंतीपासून केसाएवढे जरी सुटले असेल, तर भिंतीवरून ओघळणारे पाणी नेमके तिथून मागे जाते. पाइपभोवतीची कॉलर सर्व बाजूंनी पाहावी, कारण फट बहुधा उन्हाच्या बाजूला आधी पडते. मेम्ब्रेनच्या जोडांवरून बोथट टोकाचे साधन हलक्या हाताने ओढत न्यावे. जिथे ते आत शिरेल तिथे जोड सुटला आहे.

हे सर्व लिहून ठेवावे. छताचा आराखडा काढून त्यावर आडवे-उभे चौकोन पाडावेत, प्रत्येक दोषाला चौकोनाचा क्रमांक द्यावा आणि दर वेळी त्याच जागेवरून छायाचित्र घ्यावे. सहा महिन्यांपूर्वीच्या छायाचित्राशेजारी आजचे ठेवले की भेग वाढते आहे की स्थिर आहे, यावर वाद उरत नाही. उत्पादकाची वॉरंटी चालू असेल तर ही वही तिच्यासाठीही लागते. नियमित देखभाल केल्याची नोंद नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. दोनपैकी एक तपासणी आपल्या माणसांनी आणि एक बाहेरच्या तज्ज्ञाने करावी, असे मी सुचवेन.

प्रश्न : आमच्या गोदामाचे छत पत्र्याचे असून ते बारा वर्षांचे आहे. स्क्रूंच्या जागी ठिबकते म्हणून दरवर्षी सर्व स्क्रूंवर सीलंट लावून घेतो, तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच होते. शिवाय कधी कधी पाऊस नसतानाही पहाटे थेंब पडतात.

उत्तर : आपण दरवर्षी लक्षणावर लेप लावत आहात, मूळ दोष खाली तसाच राहतो. पत्र्यावरच्या स्क्रूला पाणी अडवण्याचे काम त्याच्या डोक्याखालचा रबरी वॉशर करतो. ऊन आणि उष्णता यांमुळे हे रबर कडक होते, त्याला चिरा पडतात आणि दाब धरण्याची त्याची ताकद संपते. एखादा स्क्रू मोकळा करून वॉशर बोटांत वाकवून पाहा. तो लवचीक राहिला नसून तडकत असेल, तर बाकीच्यांचीही स्थिती बहुधा तीच आहे. बसवतानाच्या चुकाही पाहून ओळखता येतात : स्क्रू जास्त आवळला असेल तर रबर टोपीच्या बाहेर फुगून आलेले असते, कमी आवळला असेल तर टोपी बोटाने फिरते, आणि तिरका गेला असेल तर एका बाजूला पत्रा आणि वॉशर यांच्यामध्ये उजेड दिसतो.

दुसरे कारण पत्र्याची हालचाल. पोलादी पत्रा ३० मीटर लांबीचा असेल आणि रात्र व भर दुपार यांत त्याच्या तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडत असेल, तर त्याची लांबी सुमारे १४ मिलिमीटरने बदलते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. पत्रा दररोज असा लांबत आणि आखडत असताना स्क्रूभोवतीचे गोल भोक हळूहळू लांबट होत जाते. म्हणून जुना स्क्रू काढून त्याच जाडीचा नवा बसवल्यास तो धरत नाही. एक माप जाड स्क्रू, मोठ्या टोपीच्या नव्या वॉशरसह बसवावा लागतो, आणि हे काम ठिबकणाऱ्या दोन-चार जागांपुरते न करता पूर्ण ओळीचे करावे.

सीलंट वापरायचेच झाले तर त्याचा प्रकार तपासा. लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि जस्ताचा लेप असलेल्या पत्र्याला खाते. अशा पत्र्यासाठी ‘न्यूट्रल क्युअर’ प्रकारचे सिलिकॉन मागावे. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवरून ठिबकणारे पाणी पत्र्यावर पडत असेल तर तेही वळवा. तांब्यावरून आलेले पाणी जस्ताला वेगाने गंजवते. तसेच कोणी वर ड्रिल चालवले असेल तर धातूचा कीस त्याच दिवशी मऊ झाडूने काढून टाकावा, नाहीतर प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उमटतो.

पावसाविना पहाटे पडणारे थेंब ही बहुतेक गळती नसते. रात्री पत्रा थंड होतो आणि आतली दमट हवा त्याच्या खालच्या बाजूला लागून तिचे पाणी होते. त्यावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा आणि पत्र्याखाली योग्य उष्णतारोधक व बाष्परोधक थर देण्याचा आहे. हे थेंब कोणत्या दिवशी आणि किती वाजता पडतात याची काही दिवस नोंद ठेवल्यास दोन्ही कारणे वेगळी करता येतील.

प्रश्न : पाऊस थांबल्यावरही आमच्या सपाट छतावर दोन ठिकाणी पाणी साचून राहते. किती साचले तर काळजी करावी? दुसरे असे की खाली डाग पडला आहे, पण त्याच्या बरोबर वर पाहिले तर छत अगदी चांगले दिसते.

उत्तर : सपाट म्हटले तरी छताला उतार हवाच, आणि तो साधारणपणे ५० ला १, म्हणजे दर मीटरमागे २० मिलिमीटर, इतका तरी असावा. पाऊस थांबल्यानंतर ४८ तासांनीही, वाळायला अनुकूल हवा असताना, पाणी उभे असेल तर त्याला साचलेले पाणी म्हणतात आणि ते दोष म्हणून नोंदवावे. त्याहून आधी निघून जाणाऱ्या उथळ ओलीची चिंता करू नये.

काळजी दोन कारणांसाठी करायची. पाण्याखाली राहिलेल्या भागात गाळ आणि शेवाळ धरते, बारीक छिद्रालाही सतत पाण्याचा पुरवठा राहतो आणि तेथील जोड लवकर थकतात. दुसरे कारण वजनाचे. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो. शंभर चौरस मीटरच्या खोलगट भागात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी उभे असेल तर तिथे पाच टन भार आहे. जाड काँक्रीटचा स्लॅब बहुतेक वेळा तो सोसतो, पण हलक्या पोलादी सांगाड्यावरचे छत त्या भाराने वाकते, वाकल्यामुळे आणखी पाणी धरते, आणि आणखी वाकते. असे छत दरवर्षी अधिक खोल पाणी धरत असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या आधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

साचण्याचे एक कारण नेहमी नजरेआड राहते. पाइप उतरवण्याची सोय म्हणून निचऱ्याची तोंडे खांबांजवळ ठेवतात. खांबाजवळ छत वाकत नाही, दोन खांबांच्या मध्ये मात्र ते कालांतराने थोडे खाली येते, आणि मग तोंड उंचावर व पाणी खोलगट भागात अशी स्थिती होते. कितीही साफसफाई केली तरी हे पाणी निघत नाही. तिथे उताराचे तयार थर बसवून किंवा खोलगट जागी निचऱ्याचे नवे तोंड देऊन काम करावे लागते. खळग्यात सिमेंटचा माल भरून तो समपातळीत आणण्याचा उपाय टाळावा; त्याने वजन वाढते, त्याला तडे जातात आणि तड्यांतून शिरलेले पाणी खाली अडकते. कठड्यात ओव्हरफ्लोची वाट आहे का, हेही पाहा. मुख्य निचरा तुंबला तर पाणी साधारण ५० मिलिमीटर चढल्यावर तिथून बाहेर पडले पाहिजे आणि ते बाहेरून सहज दिसले पाहिजे, कारण ती धारच मुख्य पाइप तुंबल्याची सूचना असते.

आता डागाविषयी. पाणी मेम्ब्रेनखालून उताराच्या दिशेने, तुळईच्या कडेने किंवा विजेच्या नळीतून बरेच अंतर जाऊ शकते, त्यामुळे डागाच्या नेमके वर शोधणे बहुधा व्यर्थ ठरते. डागापासून चढाच्या बाजूला शोधत जावे आणि प्रत्येक उठाव तपासावा. त्यातून न सापडल्यास पाण्याची चाचणी घ्यावी : नळीने सर्वांत खालच्या भागापासून सुरुवात करून, एका वेळी एकच जोड भिजवत, दर ठिकाणी पुरेसे थांबत वर सरकावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडे पसरते आणि चाचणीतून काहीच कळत नाही. संपूर्ण भागात २४ ते ४८ तास पाणी कोंडून ठेवण्याची चाचणी अभियंत्याने भाराला संमती दिल्याशिवाय करू नये. उष्णतारोधक थर असलेल्या छतासाठी थर्मल कॅमेऱ्याची पाहणी उपयोगी पडते. दिवसभर तापलेला भिजलेला थर सूर्यास्तानंतर कोरड्या थरापेक्षा सावकाश निवतो, कारण पाणी उष्णता जास्त धरते, आणि कॅमेऱ्यात तो भाग उजळ दिसतो. मात्र त्यासाठी वरचा पृष्ठभाग कोरडा, आकाश निरभ्र आणि वारा मंद हवा, आणि दिसलेल्या जागी लहान तुकडा कापून ओलाव्याची खात्री करून घ्यायला हवी.

प्रश्न : ही पाहणी आमच्या देखभाल कर्मचाऱ्यांकडून करून घेतली तर चालेल का?

उत्तर : निचऱ्याची साफसफाई आणि नजरेने करायची फेरी ते करू शकतात, पण आधी त्यांच्या जिवाची व्यवस्था करा. एकट्याला वर पाठवू नये. पाऊस, जोराचा वारा किंवा ओले शेवाळ असताना कोणीही वर जाऊ नये. कठडा नसलेल्या किंवा ठेंगण्या कठड्याच्या छतावर पट्टा आणि तो अडकवण्याची पक्की जागा हवी. स्कायलाइट आणि उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे माणसाचा भार घेतील असे कधीही गृहीत धरू नये. धूळ आणि रंग यांमुळे ते आजूबाजूच्या पत्र्यांत मिसळून जातात, आणि अनेक जीवघेणे अपघात त्यांच्यातून खाली पडूनच झाले आहेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर भार विभागणाऱ्या फळ्या टाकल्याशिवाय पाय ठेवू नये. अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून ते घासणे, त्यांना भोके पाडणे किंवा दाबाच्या पाण्याने धुणे टाळावे. छत केवळ ड्रोनने पाहणेही काही ठिकाणी पुरेसे असते, विशेषतः वादळानंतरच्या पहिल्या पाहणीला.

प्रश्न : आमच्या भाडेकरूला छतावर सौर पॅनेल बसवायचे आहेत. छत अकरा वर्षांचे आहे. परवानगी देताना काय पाहावे?

उत्तर : पहिली गोष्ट, छताचे उरलेले आयुष्य. सौर पॅनेल सुमारे २५ वर्षे चालतील या हिशेबाने बसवतात. आपले मेम्ब्रेन त्याआधीच बदलावे लागणार असेल, तर सगळी पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च कोणी करायचा हे आजच करारात लिहावे लागेल. छताचे थोडेच आयुष्य उरले असेल तर आधी छत, मग पॅनेल, हाच क्रम ठेवावा.

मेम्ब्रेनची वॉरंटी चालू असल्यास उत्पादकाची लेखी संमती घ्या. सांगाड्याचे पाय छिद्र पाडून बसवणार असतील तर त्या प्रत्येक छिद्राचे फ्लॅशिंग (छिद्राभोवतीची पाणी अडवणारी जोडपट्टी) मूळ मेम्ब्रेनशी जुळणाऱ्या साहित्याचे आणि त्याच प्रणालीत प्रशिक्षित माणसाने केलेले असावे. हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. पीव्हीसीच्या मेम्ब्रेनवर डांबरी मलम लावल्यास पीव्हीसीतील लवचीकता देणारी द्रव्ये निघून जातात आणि ती ठिसूळ होते. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मेम्ब्रेनला तेल आणि चरबी सोसत नाही. वजन ठेवून, छिद्र न पाडता बसवणार असतील तर वाढीव भार आणि वाऱ्याचा उचल-दाब यांची तपासणी अभियंत्याने करावी, आणि प्रत्येक पायाखाली संरक्षक पट्टी घालावी.

निचऱ्याच्या तोंडांभोवती आणि कठड्यालगत माणूस वाकून काम करू शकेल एवढी मोकळी वाट राखून घ्या. पॅनेल बसवून झाल्यावर, बिल चुकते करण्याआधी, आपण स्वतः तज्ज्ञासह छत पाहा. कापलेल्या पट्ट्या, नट आणि स्क्रू मागे राहिलेले असतात, आणि मेम्ब्रेनवर पडलेला एक स्क्रू बुटाखाली दाबला गेला की छिद्र तयार होते. पॅनेलखालची अशी जागा नंतर दिसत नाही.

प्रश्न : अठरा वर्षांचे डांबरी थराचे छत आहे. एक कंत्राटदार म्हणतो पांढरा लेप लावला की झाले. दुसरा म्हणतो सगळे उखडून नवे करा. कोणाचे ऐकावे?

उत्तर : आत किती भाग भिजला आहे हे मोजल्याशिवाय कोणाचेच नाही. लेप हा धड असलेल्या छताचे आयुष्य वाढवतो. भिजलेल्या छतावर लावला तर तो आतले पाणी कोंडून ठेवतो आणि थोड्याच दिवसांत फुगे येतात. थर्मल कॅमेऱ्याने किंवा ओलावा मोजणाऱ्या यंत्राने सर्व छताची पाहणी करून, संशयित आणि चांगल्या अशा दोन्ही जागी तुकडे कापून खात्री करून घ्या. भिजलेले भाग थोडे आणि सुटे असतील तर तेवढे कापून, नवा थर भरून मग लेप देता येतो. भिजलेला भाग एकूण छताच्या सुमारे चतुर्थांशाच्या पुढे गेला तर ठिगळांचा हिशेब सहसा जमत नाही आणि उखडणे शहाणपणाचे ठरते. कापलेल्या तुकड्यात जुन्या दोन छतांचे थर एकावर एक दिसले, तर त्यांवर तिसरा चढवू नये.

लेप निवडायचा झाल्यास छतावर पाणी साचते का हे आधी सांगा. ॲक्रिलिकचे लेप साचलेल्या पाण्यात मऊ पडून सुटतात, सिलिकॉनचे लेप त्यात बरे टिकतात. मात्र सिलिकॉनवर पुढे सिलिकॉनखेरीज दुसरे काही नीट चिकटत नाही. आधी एका कोपऱ्यात छोटा पट्टा लावून, त्यात कापड बसवून, पूर्ण सुकल्यावर ते ओढून पाहायला सांगा. कापड सहज निघून आले तर त्या पृष्ठभागावर तो लेप चालणार नाही. किती जाडीचा लेप देणार हे दरपत्रकात मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, कारण केवळ ‘दोन हात’ असे लिहिले तर जाडी काय पडेल हे हात मारणाऱ्यावर अवलंबून राहते. पांढऱ्या लेपाचा एक खरा लाभ आहे. काळे छत उन्हात ६५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापू शकते, आणि परावर्तक पृष्ठभाग त्यापेक्षा २५ अंशांहून अधिक थंड राहू शकतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा एसीचा भार कमी होतो आणि खालच्या थरांची दररोजची ताणाताणही घटते. धूळ बसली की हा गुण कमी होतो, म्हणून धुण्याचे काम देखभालीच्या वेळापत्रकात धरावे लागेल.

ओलाव्याचा नकाशा कंत्राटदारांकडून न घेता, ज्याला पुढचे काम मिळणार नाही अशा सल्लागाराकडून करून घ्या. मग तोच नकाशा दोघांच्याही हातात देऊन दर मागवा, आणि भिजलेला प्रत्येक चौकोन काढण्याचा दर लेपापासून वेगळा लिहून घ्या.